एक खून, एक कंपनी, एक हॅकर : पुण्यातल्या दोघांनी 'टर्मिनल डायरेक्टिव्ह' कसं सुरू करावं

'टर्मिनल डायरेक्टिव्ह' या दोघांनी खेळायच्या पत्त्यांच्या मोहिमेच्या पेटीतलं गुपित एकदाच उघडतं. आत बंद पाकिटं आहेत, चिकटवायचे स्टिकर आहेत, आणि एका डावात जे घडलं त्याचे परिणाम पुढच्या डावात सोबत येतात. नियम अजून अंगवळणी पडलेले नसताना पहिलं पाकीट फोडलं, तर गोष्ट वाया जाते. खुनाचा छडा कुठवर आला हे बाजूला राहतं आणि 'माझे किती क्लिक, म्हणजे चाली, उरले?' यातच संध्याकाळ निघून जाते. म्हणून माझा आग्रह एका क्रमाचा आहे: आधी मोफत मिळणारी पानं छापून खेळ शिका, मग पेटी शोधा, मग मोहिमेला हात घाला. खेळाचं नावही न ऐकलेल्या पुण्यातल्या दोघांना धरून मी हे लिहितो आहे.

आधी थोडी ओळख

मूळ 'नेटरनर' १९९६ साली आला. 'मॅजिक' हा पत्त्यांचा खेळ रचणाऱ्या रिचर्ड गारफील्ड यांनीच तो रचला होता. २०१२ मध्ये फँटसी फ्लाइट गेम्सने तो नव्याने आणला, नाव दिलं 'अँड्रॉइड: नेटरनर', आणि ल्यूकस लिट्झिंगर यांनी त्याची फेररचना केली. खेळ दोघांचाच. एकाकडे महाकाय कंपनी, म्हणजे 'कॉर्प'. दुसऱ्याकडे तिच्या सर्व्हरमध्ये घुसणारा हॅकर, म्हणजे 'रनर'. मेंढीकोटात चौघांच्या हातात एकाच कॅटमधली पानं असतात. इथे दोघांची पानं वेगळी, नियम वेगळे, क्लिकही वेगळे. कॉर्प पानं पालथी ठेवते आणि रनर ती काय असतील याचा अंदाज घेत धावतो. या खेळाचा जीव या अंदाजातच आहे.

'टर्मिनल डायरेक्टिव्ह' हा त्या खेळाचा २०१७ मधला मोहीम-विस्तार. घटना घडते न्यू अँजेलिसमध्ये. खेळाच्या जगात हे अवाढव्य शहर इक्वेडोरमध्ये आहे आणि तिथून अवकाशात जाणारी 'बीनस्टॉक' नावाची उद्वाहन-वाट निघते. शहरात खून झाला आहे, आणि संशय आहे अँड्रॉइडवर. माणसाला इजा करणार नाहीत अशाच घडवणीचे म्हणून विकले जाणारे हे यंत्रमानव, त्यांच्यापैकी एकाने खून केला असेल तर ते बनवणाऱ्यांचा धंदा बुडेल. कॉर्पला प्रकरण आवरायचं आहे, रनरला ते खणायचं आहे. डावामागून डाव हीच ओढाताण पुढे सरकते.

मराठी वाचकाला या जगात शिरायला आणखी एक दार आहे. याच खेळाच्या २०१५-१६ मधल्या एका मालिकेचा पट भविष्यातल्या भारतात, 'मुंबाद' नावाच्या महानगरात मांडलेला होता. तिच्यातल्या एका संचाचं नाव 'काला घोडा', दुसऱ्याचं 'साल्सेट आयलंड', म्हणजे आपली साष्टी. मोहिमेशी तिचा थेट संबंध नाही, पण नंतर जरूर पाहा.

फँटसी फ्लाइटने २०१८ मध्ये हा खेळ बंद केला. खेळाडूंनी मात्र तो सोडला नाही. त्याच वर्षी त्यांनी 'निसेई' ही संस्था उभी केली, २०२२ पासून तिचं नाव 'नल सिग्नल गेम्स' आहे, आणि ती आजही नवी पानं काढते. आपल्याला सुरुवात करता येते ती या लोकांमुळे.

पहिली पायरी : जोडीदार

पानांच्या आधी माणूस शोधा. मोहिमेत तेच दोघं, त्याच बाजूंनी, शेवटपर्यंत खेळतात. जोडीदाराला खेळ चांगला येतो का, यापेक्षा तो ठरल्या वेळी येतो का, हे महत्त्वाचं. दोघंही नवखे असाल तर फारच उत्तम. एक मुरलेला आणि एक कोरा अशी जोडी असली की मुरलेला पाकिटामागून पाकीट उघडत जातो आणि कोऱ्याच्या वाट्याला फक्त हार येते.

पुण्यात याचा व्यावहारिक अर्थ असा, की एकाची नोकरी हिंजवडीत आणि दुसऱ्याचं घर हडपसरला असेल तर आठवड्यातल्या संध्याकाळी ठरवू नका, दोन बैठकांत मोहीम बंद पडेल. शनिवार किंवा रविवार सकाळ धरा आणि मधली जागा घ्या. वनाज-रामवाडी आणि पिंपरी-चिंचवड-स्वारगेट या मेट्रोच्या दोन्ही मार्गिका सिव्हिल कोर्टाला एकमेकींना छेदतात, त्यामुळे डेक्कन-शिवाजीनगरचा पट्टा दोघांनाही जमतो. नियम शिकायला कॅफे चालेल. मोहीम मात्र कोणाच्या तरी घरीच खेळा. गोष्टीचा मजकूर मोठ्याने वाचायचा असतो आणि टेबल अर्ध्यात मोडून चालत नाही.

दुसरी पायरी : पानं छापून घेणं

नल सिग्नलचा 'सिस्टिम गेटवे' हा २०२१ मध्ये आलेला संच नवख्यांसाठीच बनवलेला आहे. त्यांच्या संकेतस्थळावर तो छापण्याजोग्या पीडीएफमध्ये मोफत मिळतो. ए४ कागदाची फाइल घ्या.

झेरॉक्सच्या दुकानात दोन गोष्टी ठासून सांगा. एक, छपाई शंभर टक्के मापात हवी; 'पानात बसवा' हा पर्याय बंद. पत्त्याचं माप ६३ बाय ८८ मिलिमीटर आहे. पहिलं पान निघालं की पट्टी लावून मोजा आणि मगच बाकीची छापायला सांगा. दोन, जाड कागद नको. साध्या कागदावरची छपाई कापायची आणि पारदर्शक तोंडाच्या, पाठीमागून अपारदर्शक असलेल्या स्लीव्हमध्ये, म्हणजे पत्त्याच्या प्लास्टिकच्या खोळीत, घालायची. मागे आधाराला घरातल्या जुन्या कॅटमधलं एक पान सरकवायचं. पिसायला अशी पानं छान लागतात. कॉर्पला एका रंगाचे स्लीव्ह घ्या, रनरला दुसऱ्या.

कटर, पट्टी, कप्प्यांच्या फायली, लहान लिफाफे हे सगळं अप्पा बळवंत चौकात एका फेरीत होतं. जूनमध्ये शाळा उघडायच्या दिवसांत मात्र तिकडे फिरकू नका, वह्या-पुस्तकांच्या गर्दीत तुमच्याकडे बघायला कोणाला सवड नसते. क्रेडिटसाठी, म्हणजे खेळातल्या पैशांसाठी, कॅरमच्या सोंगट्या किंवा घरातली सुटी नाणी पुरतात.

छपाई होईपर्यंत थांबवत नसेल तर 'जिनटेकी' या संकेतस्थळावर हा खेळ ब्राउझरमध्ये मोफत खेळता येतो. पण पहिला डाव समोरासमोर व्हावा असं मला मनापासून वाटतं. पालथ्या पानाकडे बघताना समोरच्याचा चेहरा दिसायला हवा.

तिसरी पायरी : नियम हातात बसवणं

घाई करू नका, ही पायरी सगळ्यात लांब आहे.

दोघंही ५ क्रेडिट आणि ५ पानांनी सुरू करतात. हात आवडला नाही तर एकदाच बदलून मिळतो. कॉर्प आधी खेळते. तिला पाळीच्या सुरुवातीला एक पान आपोआप मिळतं आणि मग ३ क्लिक. रनरला ४ क्लिक, पण पान ओढायला त्यातलाच एक खर्चावा लागतो. एका क्लिकमध्ये एक पान ओढा, एक क्रेडिट घ्या, पान मांडा किंवा खेळा. रनर असाल तर एका सर्व्हरवर धाव, म्हणजे 'रन', करा. पाळी संपताना हातात ५ पेक्षा जास्त पानं उरली तर वरची टाकायची.

कॉर्पचे तीन सर्व्हर कायमचे: हातातली पानं म्हणजे एचक्यू, ओढायची गड्डी म्हणजे आर अँड डी, टाकलेली पानं म्हणजे आर्काइव्ह्ज. रनर या तिन्हींवर धावू शकतो. एचक्यूत शिरला तर हातातलं कुठलंही एक पान न बघता उचलतो, आर अँड डीत वरचं एक, आर्काइव्ह्जमध्ये सगळी. यांखेरीज कॉर्प टेबलावर हवे तितके नवे 'रिमोट' सर्व्हर उघडू शकते.

'अजेंडा' नावाच्या पानांवर गुण असतात. कॉर्पने ते पुढे सरकवून पुरे केले तर गुण तिचे, रनरने गाठले तर त्याचे. नेहमीचा डाव ७ गुणांचा. गेटवेच्या शिकाऊ गड्ड्यांनी खेळताना ६. आणखी दोन शेवट आहेत. इजा झाली की रनरला तितकी पानं हातातून टाकावी लागतात, आणि हातात पानं कमी आणि इजा जास्त झाली तर रनर मेला. उलट कॉर्पला पान ओढायचं असताना गड्डी रिकामी निघाली, तर कॉर्प हरली.

इथवर ऐकून सगळं सोपं वाटतं. पुढचं एक गणित मात्र दोघांनी टेबलावर पानं ठेवून करून पाहा, अर्धा खेळ त्यात आहे.

अजेंडा एका क्लिकने मांडायचा आणि नंतर प्रत्येक क्लिकला एक क्रेडिट देऊन एकेक पायरी पुढे न्यायचा. गेटवेतला 'ऑफवर्ल्ड ऑफिस' घ्या: ४ पायऱ्या, २ गुण, पुरा झाला की वर ७ क्रेडिट. कॉर्पने एका पाळीत तो नुसता मांडला, पुढच्या पाळीत तिन्ही क्लिक घालून ३ पायऱ्या चढवल्या, तिसऱ्या पाळीत चौथी. म्हणजे रनरला हल्ल्याच्या दोन पाळ्या मिळाल्या. याच चालीने ३ पायऱ्यांचा अजेंडा असेल तर एकच पाळी. २ पायऱ्यांचा असेल तर मांडणं आणि दोन पायऱ्या एकाच पाळीत उरकतात, रनरला संधीच नाही. कुठल्याही अजेंड्याकडे बघताना गुणांच्या आधी हे मोजा: समोरच्याला किती पाळ्या मिळणार?

आता रनरची बाजू. सर्व्हरपुढे कॉर्प 'आइस', म्हणजे रनरची वाट अडवणारं पान, मांडते, तेही पालथं. रनर येऊन धडकला की कॉर्पने पैसे मोजून ते उलटं करायचं. आइसचे मुख्य प्रकार तीन, आणि प्रत्येकाला फोडणारं हत्यार वेगळं: बॅरियरला फ्रॅक्टर, कोड गेटला डीकोडर, सेंट्रीला किलर. गेटवेत ही हत्यारं म्हणजे अनुक्रमे 'क्लीव्हर', 'युनिटी' आणि 'कार्मेन'. हत्याराची ताकद आइसइतकी किंवा जास्त लागते. 'पॅलिसेड' या बॅरियरची ताकद २, पण रिमोटपुढे उभं केलं तर ४. क्लीव्हरची ताकद ३. एक क्रेडिट देऊन ते बॅरियरवर लिहिलेल्या अडवणुकीच्या दोन ओळींपर्यंत मोडतं, आणि ताकद एकाने वाढवायला २ क्रेडिट लागतात. म्हणजे तेच पॅलिसेड एचक्यूपुढे असताना १ क्रेडिटमध्ये पार होतं आणि रिमोटपुढे ३ क्रेडिटला पडतं. असे दोन-तीन हिशेब स्वतः केले की कॉर्पने आइस कुठे मांडायचं आणि रनरने कुठे धावायचं, याचं भान आपोआप येतं.

एकाच सर्व्हरपुढे दुसरं आइस मांडताना कॉर्पला १ क्रेडिट, तिसऱ्याला २, असा चढता खर्च येतो. नवं आइस नेहमी सर्वांत बाहेर. नवखे बऱ्याचदा हा खर्च विसरतात, तेव्हा डाव सुरू असताना एकमेकांना आठवण करून द्या.

नवा रनर धावायला घाबरतो. सगळी हत्यारं जमल्याशिवाय निघायचंच नाही असं ठरवून बसतो, आणि तोवर कॉर्पचे ४ गुण झालेले असतात. सुरुवातीच्या पाळ्यांत कॉर्पकडे पैसा कमी असतो. तेव्हा धावलात की तिला आइस उलटं करण्यावर पैसा घालवावा लागतो, नाहीतर तुम्ही आत. पान मिळालं नाही तरी ती धाव वाया गेली नाही. फक्त हातात तीन-चार पानं ठेवून धावा. गेटवेतला 'अर्टिका सायफर' हा सापळा अजेंड्यासारखाच पालथा मांडून पुढे सरकवता येतो. रनरने तो गाठला की इजा २, अधिक चढवलेल्या प्रत्येक पायरीला १. दोन पायऱ्या चढवलेल्या सायफरवर तीन पानं घेऊन गेलेला रनर तिथेच संपतो.

नव्या कॉर्पची चूक याच्या उलट: ती खोटं बोलायला लाजते. हातात सापळा नसला तरी सापळा असल्यासारखं वागता आलं पाहिजे. पैशासाठी 'हेज फंड' दिसलं की खेळा, ५ देऊन ९ मिळतात. रनरचं 'शुअर गँबल' तेच करतं.

प्रत्येक डावानंतर बाजू बदला. दोन्ही बाजूंनी जिंकून-हरून झालं, नियमपुस्तिका न उघडता एक अख्खा डाव पार पडला, की तुम्ही मोहिमेला तयार आहात. त्याआधी नाही.

चौथी पायरी : पेटी मिळवणं

खेळ बंद झाल्यामुळे 'टर्मिनल डायरेक्टिव्ह' आता नवी छापली जात नाही. जुनी पेटी कोणाच्या तरी संग्रहातूनच येणार. पुण्यात बोर्डगेम खेळणाऱ्यांचे गट आहेत, कॅफे आहेत, परदेशातून येणारे नातेवाईक आहेत. तिन्हीकडे शब्द टाकून ठेवा.

घेण्याआधी फोटो मागवा आणि तीन गोष्टी विचारा. बंद पाकिटं खरंच बंद आहेत का? स्टिकरचा कागद पूर्ण आहे का? दोघांच्या नोंदीचे फलक, ज्यांना खेळात 'पॅड' म्हणतात, कोरे आहेत का? यातलं एकही उत्तर 'नाही' असेल तर ती पेटी मोहिमेसाठी घेऊ नका, पानं कितीही स्वच्छ असली तरी.

नुसती ही पेटी पुरत नाही. सोबत मूळ 'कोअर सेट' लागतो, कारण गड्ड्या त्यातल्या आणि मोहिमेतल्या पानांच्या मिळून बनतात. कोअर सेटच्या दोन आवृत्त्या आहेत, २०१२ ची आणि नंतरची सुधारित. मोहीम सुधारित आवृत्तीच्या आधी आली, तेव्हा निवड करता आली तर २०१२ ची घ्या.

पावसाळ्यात पेटी आल्यास पानं स्लीव्हमध्ये घातल्याशिवाय बाहेर ठेवू नका. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत नागडी पानं वाकतात, आणि वाकलेलं पान गड्डीत पाठीवरूनच ओळखू येतं. या खेळात पान पाठीवरून ओळखू येणं म्हणजे खेळ संपला. बुटांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या जमवून पेटीत टाका.

पाचवी पायरी : बाजू आणि गट

मोहिमेत कॉर्पला दोनांतून एक गट निवडायचा असतो: हास-बायोरॉइड किंवा वेलँड कन्सॉर्शियम. रनरलाही दोनांतून एक: क्रिमिनल किंवा शेपर. प्रत्येक गटाला मोहिमेची म्हणून खास ओळख-पानं, म्हणजे तुम्ही कोण म्हणून खेळता ते सांगणारी पानं, आहेत. हास-बायोरॉइडची सेइडर लॅबोरेटरीज, वेलँडची स्कॉर्पिओस डिफेन्स सिस्टिम्स, क्रिमिनलांचा स्टीव्ह केंब्रिज आणि शेपरांची आयला 'बायोस' रहीम.

स्वभाव पाहून निवडा. क्रिमिनल लवकर धावतो, एचक्यूला सतावतो, पैसा ओढतो. टाकलेलं पान परत हातात आणायची स्टीव्हची हातोटी नवख्याला फार सांभाळून घेते. शेपर शांतपणे हत्यारं जुळवतो आणि उशिरा पण पक्का घुसतो. आयला डावाआधीच काही पानं बाजूला राखून ठेवते आणि हवी तेव्हा उचलते, त्यामुळे आखून खेळणाऱ्याला ती आवडेल. वेलँड पैसा आणि धाकदपटशा यांवर चालते. स्कॉर्पिओस तर रनरचं नष्ट झालेलं पान खेळातूनच कायमचं काढून टाकते. एकुलतं एक हत्यार असं गेलं की रनर हतबल होतो. नव्या रनरसमोर ही निवड मला कठोर वाटते. जोडीदार कच्चा असेल तर टाळा.

माझं मत विचाराल तर पहिल्या मोहिमेला हास-बायोरॉइड विरुद्ध क्रिमिनल. बायोरॉइड जातीचे अँड्रॉइड हीच कंपनी बनवते, म्हणून खुनाचा संशय थेट तिच्या दारात येतो आणि कॉर्प खेळणाऱ्याला प्रकरण दाबण्याची गरज आतून जाणवते. शिवाय तिचं बायोरॉइड-आइस हत्यार नसलेल्या रनरलाही क्लिक खर्चून पार करता येतं. त्यामुळे डाव अडकून पडत नाहीत.

गड्डी बांधताना एवढं पाळा: ओळख-पानावर दिलेल्या किमान संख्येपेक्षा कमी पानं नकोत, एकाच पानाच्या ३ पेक्षा जास्त प्रती नकोत, आणि दुसऱ्या गटाची पानं घेतली तर त्यांच्यावरचे ठिपके ओळख-पानाच्या मर्यादेत बसायला हवेत. कॉर्पने ४५ ते ४९ पानांच्या गड्डीत अजेंड्यांचे २० किंवा २१ गुण ठेवलेच पाहिजेत. किमान संख्येपेक्षा जास्त पानं घालायचा मोह होतो, तो आवरा. गड्डी फुगली की हवं ते पान हाताला लागत नाही. रनरच्या गड्डीत तिन्ही प्रकारची हत्यारं प्रत्येकी किमान दोन, आणि पैशाची पानं भरपूर.

मोहिमेची बैठक

पहिल्या दिवशी नियमपुस्तिका दोघांनी शेजारी बसून वाचा. आपापल्या घरी वाचून आलात की दोघांचे दोन अर्थ निघतात.

गोष्टीचा मजकूर इंग्रजीत आहे. ज्याचा असेल त्याने तो मोठ्याने वाचावा आणि मग आपल्या शब्दांत मराठीत सांगावा. हे मला फार मोलाचं वाटतं. "अगं, म्हणजे कंपनीला आधीपासून माहीत होतं!" असं कोणीतरी म्हणतं तिथे मोहीम सुरू होते. पानांची नावं मात्र आहेत तशीच ठेवा, नाहीतर शोधाशोध होते.

पाकीट फक्त सांगितल्या वेळी आणि फक्त ज्याचं त्याने उघडायचं. उघडल्यावर जे समोरच्याला दाखवायला सांगितलं आहे तेवढंच दाखवा. जोडीदार उत्सुक असतो, आग्रह करतो, ऐकू नका. तुमच्याकडे काय आलं हे त्याला पुढच्या डावात कळू द्या.

स्टिकर लावायला जीव होत नसेल तर एक उपाय आहे. पॅड पारदर्शक प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सरकवा आणि स्टिकर फोल्डरवर चिकटवा. एखादी वस्तू कायमची बाजूला काढायला सांगितली, तर ती वेगळ्या लिफाफ्यात घालून तारीख टाका. मोहीम संपल्यावर पेटी दुसऱ्या जोडीला देता येते. नवी छपाई बंद असताना हा विचार प्रत्येकाने करावा.

एक वही ठेवा. कोण जिंकलं, कशाने जिंकलं, कोणतं पाकीट उघडलं, गड्डीत काय बदललं. दोन आठवड्यांचा खाडा झाला, मध्ये गणपती आले, कोणाच्या घरी लग्न निघालं, की वहीशिवाय काही आठवत नाही.

एका बैठकीत मोहिमेचा एकच डाव खेळा, फार तर दोन. उरलेल्या वेळात गेटवेच्या गड्ड्यांनी बाजू बदलून एक हलका डाव मांडा. आठवडेच्या आठवडे एकाच बाजूने खेळताना समोरच्याला काय दिसतं हे विसरायला होतं, आणि ते विसरलं की दोन्ही बाजूंचा खेळ कमजोर होतो.

मोहीम एकतर्फी होऊ शकते, कारण जिंकणाऱ्याच्या हाती नवी साधनं येतात. सलग हार होत असेल तर नशिबाला बोल न लावता गड्डी उघडून बसा. रनर हरत असेल तर पैशाची पानं मोजा, बहुतेकदा तीच कमी असतात. कॉर्प हरत असेल तर बघा, एचक्यू आणि आर अँड डीपुढे पहिल्या दोन पाळ्यांत आइस येतं आहे का. जिंकणाऱ्यानेही या चर्चेत बसावं आणि आपल्याला कशाची भीती वाटत होती ते खरं सांगावं.

पेटी मिळालीच नाही तर

घरीच मोहीम रचा. गेटवेची पानं आहेतच. तिसऱ्या मित्राला किंवा मैत्रिणीला गोष्ट लिहायला सांगा. पुण्यात लिहिणारे कमी नाहीत. मुठेकाठची एखादी डेटा कंपनी, तिच्या आवारात सापडलेला मृतदेह, आणि रात्रपाळीची नोंदवही कोरी. सहा लिफाफे पुरतात. प्रत्येकावर उघडण्याची अट: 'कॉर्पचे एका डावात ४ गुण झाले की', 'रनर एकाच पाळीत तीन सर्व्हरमध्ये शिरला की'. आत गोष्टीचा एक परिच्छेद आणि एक छोटासा बदल: पुढचा डाव ६ क्रेडिटने सुरू करा, किंवा सुरुवातीचा हात दोनदा बदलता येईल, किंवा एका आइसची किंमत १ ने कमी. बदल इतकेच लहान ठेवा. सुरुवातीलाच ३ क्रेडिटची मदत दिली तर डाव मांडायच्या आधीच कलतो. शेवटचा लिफाफा दोन प्रतींत लिहून घ्या, कॉर्पने मोहीम जिंकली तर एक, रनरने जिंकली तर दुसरा. न उघडलेला लिफाफा लिहिणाऱ्याकडे परत द्या.

मोहीम संपल्यावर

पेटीत दोन तऱ्हेची पानं असतात. काही फक्त मोहिमेपुरती, काही नेहमीच्या गड्ड्यांतही चालणारी. मोहिमेपुरती पानं, पाकिटं आणि पॅड एकत्र बांधून ठेवा, दुसऱ्या जोडीला देता येतील अशा बेताने. नेहमीची पानं कोअर सेटमध्ये मिसळा आणि मोहिमेत जो गट कोणीच निवडला नाही त्याची गड्डी बांधा. सेइडर खेळून झालं असेल तर स्कॉर्पिओस, स्टीव्ह झाला असेल तर आयला. वहीत नवं पान काढून, या वेळी बाजू उलट करून, पहिला डाव मांडा.